साल कुणी मोडायचं

कनेरगाव नाका
२७ एप्रिल २०२६

तुझ्या कंपनीच्या तोंडात शेण पडो. दोन वरसं पोरगी माझ्या मागच्या खोलीत बसून काम करत होती, कुणाचं काही अडलं न्हाई. आन् आता तिला पुण्यात नेऊन बसवल्याबिगर यांच्या घशाखाली घास उतरंना. तू बी तशीच. बापाला म्हणालीस, मीटिंग हाय. आईला म्हणालीस, आठ दिवसांत येते. आन् बॅगेत गोधडी भरून गेलीस. उन्हाळ्यातल्या आठ दिवसांना गोधडी लागती व्हय? मला कमी दिसतं, पण गोधडी दिसती.

पुनमला द्वारकाबाईचा आशीर्वाद. आता वाच.

फोनवर मी इचारणार न्हाई. कानाला फोन लावला की माझ्या कानात गांधीलमाशा घोंगावतात. आन् फोन तुझ्या बापाच्या खिशात. सोमेश्वर फोनवर बोलाया लागला की रस्त्यावरल्या धाब्यातल्या गिऱ्हाइकाला बी कळतं पोरगी कुठं हाय. दुसरीपर्यंतची शाळा आता कामाला आली म्हणायची. लिवायला तकलीफ होती, पण कागद वरडत न्हाई.

ज्या गावात त्या अनिरुद्धनं तुझं डोकं चौकटीवर आपटलं, त्याच गावात तू काहून परत गेलीस? काडीमोडाचं प्रकरण हिंगोलीच्या कोर्टात लोळून राहिलं, तो मोकळा हिंडून राहिला, आन् तू त्याच्या दारात जाऊन बसलीस. हे तुझ्या कंपनीला ठाव हाय का न्हाई?

म्हैस याली. रेडकू मेलेलं निघालं. हळद वाळवून पोत्यात भरली.

खरं लिव. रडगाणं नको.

आजी


पुणे
३ मे

आजी,

गोधडी दिसली म्हणजे आता लपवण्यात अर्थ नाही.

कंपनीनं हुकूम काढलाय. घरून काम बंद, सगळ्यांनी ऑफिसात यायचं. कारण काय, तर एकत्र बसलं की कामाला धार येते. तुला माहीत आहे, मी परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासते. माझ्यासोबतची माणसं कोणी चेन्नईला, कोणी इंदूरला. इथे येऊन मी कानाला यंत्र लावून त्यांच्याशीच बोलते, जशी तुझ्या मागच्या खोलीतून बोलत होते. फरक एवढाच, की तिथे मध्ये म्हैस ओरडायची.

कंपनीला सगळं ठाऊक आहे. मी सूट मागितली होती. पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, कोर्टाचा कागद, सगळं जोडलं. नोकरभरती आणि रजा बघणाऱ्या संध्या मॅडम आहेत, फार गोड बोलतात. म्हणाल्या, "मला तुझं फार वाईट वाटतं गं, पण एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. आणि हा तुझा घरचा विषय आहे ना?"

मी गुंजनच्या खोलीवर राहते. ती माझ्याच ऑफिसात आहे. ती म्हणते, धारबिर काही नाही, यांना माणसं कमी करायची आहेत. काढलं तर भरपाई द्यावी लागते आणि बोभाटा होतो. आपण होऊन गेलो तर फुकटात काम होतं. म्हणून ज्यांना येणं अवघड, त्यांनाच येत राहा म्हणायचं.

मी थकले, आजी. राजीनामा लिहून ठेवलाय. महिनाअखेरीस देते आणि घरी येते. अनिरुद्धच्या गावात रोज मान वळवून बघत चालण्यापेक्षा तुझ्या शिव्या बऱ्या.

पुनम


कनेरगाव नाका
९ मे

पुनम,

तो राजीनामा चुलीत घाल.

तुझी गुंजन बराबर बोलती. हे माझ्या वळखीचं हाय. माझा बाप जवळा बाजारला एका मालकाकडं सालगडी होता. पाडवा ते पाडवा साल. मधीच मालकानं काढलं तर ठरलेली ज्वारी आन् कापडं मालकानं द्यायची. गडी आपणहून गेला तर त्यानं साल मोडलं, त्यानं हात हालवत घरी जायचं.

कापूस वेचून झाला आन् मालकाला गडी जड झाला. पण मालक काय 'जा' म्हणंल? म्हणाला, "आजपासून वड्यापल्याडच्या वावरात ऱ्हा. राखण पायजे." राखायला तिथं होतं काय, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या! भाकर पाठवतो म्हणायचा, भाकर येत न्हवती. मग मालकाच्या पोरांनी कुत्रं सोडलं. कुत्र्यानं बापाची पोटरी फाडली. बापानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं कुत्र्याचं टाळकं फोडलं, पोटरीला हळद बांधली आन् तिथंच बसला. पाडव्याला मालकाच्या वट्यावर जाऊन उभा राहिला तेव्हा पोटरीत किडे पडले होते. पण समदं वसूल करून आला. लंगडला तो जलमभर लंगडला. साल मोडलं न्हाई.

तू बी बस. काढायचं असंल तर त्यांच्या तोंडानं काढू दे. तू पाय उचलायचा न्हाई. तू राजीनामा दिलास तर ते टाळ्या वाजवून घरी जातील, आन् तू माझ्या खोलीत येऊन बापाच्या तोंडाकडं बघत बसशील.

अनिरुद्ध आडवा आला तर पायातलं काढून हाण. वढणी घालत जाऊ नको. तिला धरून बाईला फरफटवता येतं.

आजी


पुणे
१५ मे

आजी,

इथे चूल नाही, म्हणून राजीनामा फाडला. बसलेय.

तुझ्या बापाच्या पऱ्हाट्यांसारखंच आहे इथे. खुर्च्या कमी, माणसं जास्त. सकाळी फोनवरून खुर्ची पकडावी लागते. नाही मिळाली तर कॅन्टीनमध्ये बसायचं, पण बसायचं इथेच. काम किती केलं ते कोणी विचारत नाही. गळ्यातलं कार्ड गेटवरच्या यंत्राला टेकवलं का, तेवढं बघतात. काल आमच्या साहेबांनी, मुकुल सरांनी, सहवासाचं महत्त्व समजावून सांगितलं. ते स्वतः नागपूरला घरी आहेत. सांगताना मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

अनुश्री म्हणून माझ्या शेजारी बसायची. पोटुशी आहे, रोज बसचे धक्के सोसवेनात, तिनं राजीनामा दिला. केक कापला तिच्यासाठी. मला वाटलं तिच्या जागी कोणी येईल. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि तिची खुर्चीच उचलून नेली. तेव्हा माझी खात्री पटली. गुंजन म्हणाली, "आता टेबल नेतील, मग आपल्याला."

माझी काळजी करू नको. अनिरुद्धला ऑफिसची जुनी बिल्डिंग माहीत आहे, आम्ही आता दुसरीकडे आहोत. तोंडाला रुमाल बांधून गुंजनच्या स्कूटरवर येते-जाते. ऑफिसचा नवा पत्ता घरात फक्त बाबांना दिलाय. वकिलाला लागतो म्हणाले.

पुनम


कनेरगाव नाका
१९ मे

पुनम,

खुर्ची उचलून नेली ते वाचून मी हासले. चोर सापडतो तो असा.

परवा धोंड्याचा महिना लागला. आळीत जावयांची वरदळ हाय. जो तो पोटाला हात लावून पुरणाचे धोंडे गिळून राहिला, आन् सासरे वाण घेऊन मागं उभे. मी तुझ्या आईबापाला सांगितलं, आपल्या घरी जावई न्हाई. पाट मांडला तर मी त्याच्यावर निखारे वाढीन. अनुसूया रडली. सोमेश्वर उठून गोठ्यात गेला.

सोमेश्वरला म्हातारचळ लागला. काल दाढी करून, इस्तरीची बंडी घालून वाशीमला गेला. म्हणे सोयाबीनचं बियाणं बघतो. बियाण्यापुढं कुणी इस्तरी घालतं का? एक पिशवी होती, हात लावू दिला न्हाई.

आन् घरात चोरी झाली. देवापुढचा चांदीचा दिवा गेला. मंजुळाबाई झाडायला येती, तिच्याबिगर परकं कोण हाय? मी इचारलं, ती उलट बोलली, मी थोबाडीत दिली. तिनं माझ्या लुगड्याला झोंबून मला अंगणात पाडलं. गुडघा सोलला. दिवा काही निघाला न्हाई. निघंल, मी सोडत न्हाई.

तू जागची हलू नको.

आजी


पुणे
२६ मे

आजींना नमस्कार.

मी गुंजन. पुनम आत्ता लिहिण्याच्या स्थितीत नाही, म्हणून मी लिहितेय. तिचे बाबा फोनवर बोलूच शकले नाहीत. पुनम नेहमी म्हणते, खरं काय ते आजीला कळलं पाहिजे.

काल सकाळी आम्ही गेटवर स्कूटर लावली. अनिरुद्ध रिक्षांच्या मागे उभा होता. पुनम रांगेत गेली तसा तो धावत आला आणि हातातलं हेल्मेट त्यानं तिच्या तोंडावर मारलं. ती खाली पडली. तिच्या गळ्यात कार्डाचा पट्टा असतो. तो पट्टा त्यानं हाताला गुंडाळला आणि तिला ओढत नेलं. ती पाय झाडत होती, आजी. तोंडातून रक्त येत होतं, आणि रांगेतली माणसं फोन काढून उभी होती. गेटवरचा माणूस त्याला म्हणाला, "साहेब, जे काय असेल ते गेटच्या बाहेर."

मी त्याच्या मनगटाला चावले. मांस निघेपर्यंत सोडलं नाही. तेव्हा पट्टा सुटला. तो पळाला. पोलीस शोधतायत.

पुनमचा जबडा मोडलाय, तारेनं बांधलाय. तिला बोलता येणार नाही. जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणतात.

एक गोष्ट मला कळली नाही. मारताना तो ओरडत होता, "सासऱ्यानं चांदीचा दिवा देऊन मला बोलावलंय. ही माझी बायको आहे." तुम्हाला याचा अर्थ लागतो का?

गुंजन


कनेरगाव नाका
३१ मे

पुनम,

अर्थ लागला.

गुंजनचं पत्र वाचलं तेव्हा सोमेश्वर गोठ्यात म्हशीला पेंड घालत होता. मी म्हशीचं दावं सोडलं आन् त्याला हाणलं. पाठीवर, मानंवर, हात वर केला तर हातावर. पोराला नातवंडं व्हायचं वय आलं की आईनं त्याला हाणू न्हाई म्हणतात. तो भिताडाला टेकून नुसता उभा राहिला, म्हणून मी जास्त हाणलं. म्हैस बिथरली, तिनं मला लाथ घातली. मग थांबले.

बसला मग रडत. म्हणे, "कागद फाटला न्हाई तवर तो जावईच. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण दिलं न्हाई तर पोरीच्या नशिबाला लागतं." आन् वाशीमला अनिरुद्धच्या बापाच्या घरी दिवा देऊन, चहा पीत, आपली पोरगी आता कोणत्या बिल्डिंगीत कामाला जाती, ते ऐटीत सांगून आला. म्हणे, "वाटलं, समजुतीनं जाऊन बोलंल."

तुझ्या आईला जीपमधी बसवून पाठवलं. ती रडंल, तिच्याकडं ध्यान देऊ नको, तिच्या हातची पेज पी.

मंजुळाबाईकडं लुगडं घेऊन गेले. तिनं ते माझ्या तोंडावर फेकलं. बराबर केलं.

मी तुला बस म्हणाले. कंपनीचं मला बराबर समजलं होतं. घरातलं समजलं न्हाई.

आता कंपनी काय म्हणती ते लिव. हात शाबूत हाय ना?

आजी


पुणे
७ जून

आजी,

हात शाबूत आहे.

आई आहे. रडते आणि पेज करते.

परवा संध्या मॅडम दवाखान्यात आल्या. फुलं आणली होती. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, जे झालं ते फार वाईट झालं, पण गेटवर असे प्रकार झाले की कंपनीच्या नावाला बट्टा लागतो. मग पर्समधून कागद काढला. माझा राजीनामा, टाइप केलेला. 'तब्येतीच्या कारणामुळे मी माझ्या मर्जीने.' खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. म्हणाल्या, "तू आराम कर गं, याचं टेन्शन नको घेऊ." टेन्शन नको म्हणून पेनही त्यांनीच आणलं होतं.

मला बोलता येत नव्हतं. मी पाटीवर लिहिलं, घरून काम द्या. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना द्यावं लागेल." मी लिहिलं, मग तुम्हीच काढा. त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही कोणालाच काढत नाही, पुनम."

आणखी ऐक. त्या दिवसाची माझी हजेरी लागली आहे. त्यानं मला ओढलं तेव्हा कार्ड यंत्राला घासलं आणि हिरवा दिवा लागला. त्यानंतर मात्र मी रोज गैरहजर आहे. असंच राहिलं तर शिस्तीची कारवाई होईल, असं पत्र आलंय. सही केली तर होणार नाही.

अनिरुद्ध सापडलेला नाही. दारापाशी चप्पल वाजली की माझी चादर ओली होते. हे आईला सांगितलं नाही.

कागद उशीखाली आहे. आजी, मला सही करावीशी वाटतेय. साल मोडू दे. माझ्यात आता बसायची ताकद नाही. तू म्हणशील तसं. लवकर सांग.

पुनम


कनेरगाव नाका
१७ जून

तुमची फुलं वाळली, संध्याबाई. पोरीच्या आईनं उकिरड्यावर टाकली. दवाखान्यात पडलेल्या लेकराच्या उशाशी कागद आन् पेन घेऊन जायला तुमाला लाज कशी वाटली न्हाई? आमच्याकडं मेल्या माणसाचा अंगठा उठवून घेणारे लोक होते. ते बी मरायची वाट बघत होते.

रामराम. मी पुनमची आजी, द्वारकाबाई. पोरगी तुमाला लिवणार न्हाई, म्हणून मी लिवते. तिला मी निरोप धाडला हाय, पेनाला हात लावायचा न्हाई.

तुमी म्हणालात, हा घरचा विषय. घरचा विषय मी घरी मिटवला. कसा ते ऐका.

मी माझ्या पोराला म्हणलं, सोमेश्वर, वाशीमला फोन लाव. तुझा मोठा आवाज आज कामाला येऊ दे. म्हण, झालं गेलं जाऊ द्या, पोरीची केस मागं घेतो, जावईबापूंनी महिना सरायच्या आत धोंडे खायला यावं. पोलीस ज्याला हुडकून राहिले होते, तो दोन दिसांत बापाला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. कारण धोंड्याच्या महिन्यात जावयाला कुणी बोट लावत न्हाई. त्याचा त्या रिवाजावर लई भरवसा.

पाट मांडला. रांगोळी काढली. सोमेश्वरनं त्याचे पाय धुतले. अनिरुद्धच्या मनगटाला पट्टी होती, गुंजन चावली तिथं. पहिला धोंडा खाल्ला, तूप मागितलं. मी वाढलं. मग बोटं चाटत म्हणाला, "आजी, बाईमाणसाला जास्त शिकवलं की असं व्हतं. आता कंपनी बी तिला ठिवत न्हाई. माझा दोस्त हाय तिथं, तो म्हणाला, राजीनाम्याचा कागद तयार हाय. नोकरी गेली की ती मुकाट येती बघा नांदायला."

ऐकलंत का, संध्याबाई? तुमचा कागद त्याला ठाव होता. तुमी माणसं कमी करून राहिलात, आन् तो लपून बसून वाट बघून राहिला. तुमची आन् त्याची वळख नसंल. नसू द्या. काम तुमी दोघांनी मिळून केलं.

पोलिसांना जेवण झाल्यावर बोलवायचं असं ठरलं होतं. मी जेवण सरायच्या आधीच उठले. दाराआडचं मुसळ घेतलं. त्याचा उजवा हात ताटाच्या कडंला टेकलेला होता. एकाच घावात मनगट तुराटीवाणी मोडलं. ताट उडालं, पुरण भिताडाला लागलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तो वरडत होता, त्याचा बाप मला आवरायला आला, सोमेश्वरनं बापाला धरलं. ज्या पोराला मी दाव्यानं हाणलं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी गचांडी धरली. तिसरा घाव मी घातला न्हाई. हात दुखला म्हणून, दया आली म्हणून न्हाई.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. माझ्यावर बी केस लागली. लागू द्या. मुसळ त्यांनी जप्त केलं. दुसरं आणलं.

माझ्या घरचा विषय असा मिटला. आता तुमच्या घरचा राहिला.

तुमचा कागद माझ्यापुढं हाय. अनुसूयेनं पाठवला. त्यात लिवलंय, 'माझ्या मर्जीने'. पोरीचा जबडा तारेनं बांधलेला, दारात चप्पल वाजली की तिला मूत येतं, आन् तिच्या तोंडात मर्जी तुमी घालता? मर्जी तुमची हाय. मग ती तुमच्या तोंडानं बोला. लिवा, पुनमला आमी काढली, आमाला माणसं कमी करायची होती म्हणून काढली, आन् कायद्यानं बसंल ते देतो. न्हाईतर लिवा, पुनमनं तिच्या आजीच्या मागच्या खोलीतून काम करावं, आमची हरकत न्हाई. दोन्हीतलं एक. तिसरं चालायचं न्हाई. फुलं चालायची न्हाईत. 'वाईट वाटतं' चालायचं न्हाई.

बरी झाली की मी तिला इकडं आणते. पण राजीनामा ती देणार न्हाई. गैरहजर लावायचं असंल तर लावा, रोज लावा, शाई सरंस्तवर लावा.

पत्त्यासाठी पाकिटामागं बघा. उत्तर त्या नागपूरच्या कुकरवाल्या साहेबानं लिवायचं न्हाई, वकिलानं लिवायचं न्हाई, आन् पोरीच्या नावानं टाइप करून तर मुळीच पाठवायचं न्हाई. उत्तर तुमी लिवायचं, संध्याबाई, तुमच्या हातानं, खाली तुमच्या नावाची सही करून.